सोमवारपासून सगळी २६ माणसं कामावर घ्यायची आहेत, कोरोनासाठी गेटवर तापाची गन सोडून अजून काय काय करताय?

शिरोलीकर
२ जून २०२०, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, तीन व्हीएमसी, चार सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी आणि वडिलांच्या काळातल्या लेथ. जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी शटर ओढलं ते मेमध्ये परवानगी काढून ८ जणांवर कसंबसं उघडलं. आता ट्रॅक्टरवाल्यांच्या ऑर्डरी एकदम सुटल्यात आणि ८ माणसांत होत नाही, म्हणून ८ तारखेपासून सगळ्यांना बोलवायचं ठरवलंय.

आतापर्यंत काय केलंय ते सांगतो. ताप बघायची गन घेतली, वीस लिटर सॅनिटायझरचा कॅन आणला, वॉचमनकडं रजिस्टर दिलं आणि गेटपासून आतपर्यंत ऑइलपेंटनं गोल काढले. काल एक सेल्समन येऊन गेला, म्हणे गेटवर टनेल बसवा, माणूस आत शिरला की वरनं फवारा, ४८,००० कोटेशन. घेऊ का?

खरी अडचण दोन ठिकाणी आहे. जेवायची खोली १० बाय १२ ची आणि आमच्यात डबे मधे ठेवून सगळ्यांच्या भाज्या सगळ्यांनी खायची पद्धत, ती मोडायची कशी. आणि दुसरी अडचण म्हणजे आमचे वडील. वय ७१. रोज सकाळी पावणेआठला ऑफिसात पेपर घेऊन हजर. त्यांना घरी बसा म्हणणं म्हणजे पंचगंगेला उलटं वाहा म्हणण्यासारखं आहे. ज्यांनी आधी सुरू केलंय त्यांनी अनुभव लिहा.

भट्टीवाला
२ जून, रात्री ११:१५

भावा व्हायरसचं नंतर बघू, आधी मशिनी बघ. दोन महिने बंद असलेलं शॉप आहे ते. ७ मेला विशाखापट्टणमला गॅस गळून माणसं गेली तो कारखाना लॉकडाऊननंतर परत चालू करायच्या तयारीतच होता. त्यानंतर दोन दिवसांत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं पत्रक काढलं की पहिला आठवडा ट्रायल समजा आणि प्रॉडक्शनच्या मागं लागू नका. आमच्या गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत आम्ही ते अक्षरशः पाळलं. भट्टीचं लायनिंग दोन महिन्यांत ओल धरून बसलेलं, वळवाच्या पावसानं स्क्रॅपचा ढीग भिजलेला, आणि ओलं स्क्रॅप वितळलेल्या लोखंडात पडलं तर काय होतं ते ज्यानं एकदा बघितलंय तो दुसऱ्यांदा बघायला जात नाही. स्क्रॅप वाळवलं, लायनिंग हळूहळू तापवलं, त्यात चार दिवस गेले. मालक चिडला होता, चिडूदे.

तुझ्या सीएनसीच्या पॅनेलमध्ये उंदरांनी वायरी खाल्ल्यात का बघ. कूलंट, म्हणजे मशीन गार ठेवायचं तेलपाणी, सगळं काढून टाक, नासलेलं असणार. पाण्याची टाकी उपसून धू. आणि जी माणसं दोन महिने घरी होती त्यांचा हात बसलेला नसतो, पहिल्या दिवशी ओव्हरटाइम लावू नको.

आणखी एक, सॅनिटायझरचा कॅन वेल्डिंगजवळ ठेवू नको. स्पिरिटच आहे ते. आमच्यात एकानं हाताला चोळून तसाच गॅस कटिंगला गेला, हातावर निळी ज्योत. थोडक्यात वाचला.

बावड्याची सिस्टर
३ जून, सकाळी ६:५०

नाइट ड्युटी करून आत्ताच आले, झोपायच्या आधी लिहिते.

टनेल घेऊ नका. माणसाच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका असं केंद्राच्या आरोग्य खात्यानं १८ एप्रिललाच सांगितलंय. डोळ्याला, कातडीला त्रास, आणि व्हायरस शरीराच्या आत असतो तो कपड्यावरच्या फवाऱ्यानं मरणार आहे होय? ४८,००० मध्ये दोन मोठे एक्झॉस्ट फॅन, चार नळ आणि वर्षभराचा साबण येईल.

गन ठेवा पण तिच्यावर विसंबू नका. लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, तेव्हा ताप नसतोच. लागण झाल्यापासून लक्षणं यायला सरासरी ५-६ दिवस, जास्तीत जास्त १४. आणि उलटं पण होतं, उन्हातनं गाडीवरनं आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं, गन १०० दाखवते आणि बिचाऱ्याला परत पाठवतात. दहा मिनिटं सावलीत बसवून परत बघा. भट्टीवाल्यांनी तर ड्युटीच्या मधे गन लावूच नये.

तुमच्या कामात हाताला ऑइल-ग्रीस असतं ना, त्यावर सॅनिटायझर काम करत नाही. साबणच पाहिजे. आणि नळ असा बसवा की कोपरानं उघडेल.

जेवणाची खोली सरळ बंद करा. मास्क निघतो कुठं, तर जेवताना, चहाला आणि तंबाखूला. मशीनवर माणसं लांबच असतात हो.

उद्यमनगरी
३ जून, सकाळी ९:३०

हे सगळं एमआयडीसीवाल्यांना ठीक आहे. आमचं शिवाजी उद्यमनगरात १५ बाय ४० चं शेड, दोन लेथ, एक ड्रिल, एक शेपर, सहा माणसं. सहा फूट अंतर म्हटलं तर एकानं रस्त्यावर उभं राहून काम करावं लागतंय.

आणि तंबाखूचं म्हणालात म्हणून सांगतो. आमच्यात एकजण मळतो. चुना लावून, थापटून, तळहात पुढं करतो, आणि बाकीचे तिघं त्याच तळहातावरनं चिमूट उचलून ओठाखाली सारतात. दिवसातनं सात-आठ वेळा. हे मी वीस वर्षं बघालोय, परवा पहिल्यांदा बघून पोटात गोळा आला. सांगितलं तर म्हणतो, मालक, हात धुतलाय की. आता ज्यानं त्यानं आपली डबी आणायची असा फतवा काढलाय. मावा खाऊन पिंक टाकणाऱ्याला १०० रुपये दंड. पहिल्या दिवशी दंड मलाच बसला.

शिरोलीकर
३ जून, दुपारी १:०५

उद्यमनगरी, हसून हसून मेलो, पण आमच्यातही तेच आहे, फक्त बघायला जायचं धाडस झालं नव्हतं.

सिस्टर, टनेल कॅन्सल. भट्टीवाला, तुमचं ऐकून आज कूलंट काढलं, वासानं पोरं बाहेर पळाली. एका व्हीएमसीच्या पॅनेलमध्ये खरंच उंदराचं घरटं, पिल्लांसकट.

शिफ्टचं असं ठरवतोय. १३-१३ च्या दोन तुकड्या, सकाळी ७ ते ३ आणि ४ ते १२, एका तुकडीनं दुसरीचं तोंड बघायचं नाही. एका तुकडीत कोण सापडलं तर निदान दुसरी चालू राहील. जेवण ज्यानं त्यानं आपापल्या मशीनजवळ किंवा मागच्या लिंबाखाली, पाठीला पाठ करून. पेठवडगावकडनं सातजण वडापनं येतात, जीपमध्ये पंधरा-पंधरा कोंबतात, तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

पीएफवाला_राजारामपुरी
३ जून, दुपारी ४:२०

लेबर कायद्याचं कन्सल्टिंग करतो. कागदावरचं सांगतो.

१५ एप्रिलच्या केंद्राच्या आदेशात दोन शिफ्टमध्ये एक तासाचं अंतर ठेवा असंच म्हटलंय, म्हणजे तुमचं ३ आणि ४ बरोबर बसतंय. जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या, गाडी द्याल तर ३०-४० टक्केच भरायची, १० किंवा जास्त माणसांची बैठक नको, थुंकायला बंदी. ६५ च्या वरच्यांना आणि ज्यांच्या घरी ५ वर्षांच्या आतली पोरं आहेत त्यांना शक्यतो घरून काम द्या असंही आहे, आता लेथ घरून कशी चालवायची ते विचारू नका.

१८ मेच्या आरोग्य खात्याच्या सूचना ऑफिसांसाठी आहेत पण उपयोगी आहेत. एखाद-दुसरा पेशंट निघाला तर सगळं बंद करायची गरज नाही, मागच्या ४८ तासांत तो जिथं जिथं वावरला तेवढी जागा निर्जंतुक करून काम चालू करता येतं. एसी असेल तर २४ ते ३० च्या मधे.

लॉकडाऊनमध्ये पूर्ण पगार द्या असा २९ मार्चचा आदेश होता तो १८ मेपासून उरलेला नाही, कोर्टातही प्रकरण आहे. एवढं केलं, रजिस्टर ठेवलं, फोटो काढले, की तुम्ही सेफ.

सेटर_कागल
३ जून, रात्री ९:५५

सगळं वाचलं. मी मालक न्हाई, कामगार हाय, कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसीला सीएनसी सेटर. इथं गन झाली, नळ झाला, लिंबाचं झाड झालं, शेवटी तुम्ही सेफ म्हणून पण झालं. एक कुणीच बोलंना म्हणून लिहालोय.

आमच्यात १५ दिवसांपासनं चालू हाय. गेटवर गन, नोटीस लावल्या, ताप खोकला असल्यास कामावर येऊ नये. खाली लिहिलेलं न्हाई पण सगळ्यास्नी म्हाईत हाय की न्हाई आला तर खाडा. माझी रोजची हजेरी ५२० रुपये हाय. एप्रिलचा निम्मा पगार मिळाला, मेचा अजून न्हाई. गाडीचा हप्ता थटलाय. आता मला सांगा, सकाळी उठल्यावर अंग जरा कणकणलं तर मी काय करणार? तापाची गोळी खाणार, अर्धा तास थांबणार, गन ९७ दाखवती, आत. मी केलंय हे. एकदा न्हाई, दोनदा. माझा ताप साधा निघाला, गावात सगळी पोरं भिजल्याली तसा मीबी भिजलो होतो. नसता निघाला तर माझ्या लाइनला अकरा माणसं हायत.

आणि नुसतं पैशाचं न्हाई. गावात कळलं की ह्याला ताप हाय तर ग्राम दक्षता समिती दारात. मुंबईहून आलेल्या पोरांना शाळेत ठेवलंय, त्यांच्या घरच्यास्नी गिरणीत दळण देत नव्हते चार दिवस. माणूस रोगाला भीत न्हाई एवढा नावाला भितोय.

तेव्हा शिरोलीकर साहेब, तुमच्या २६ जणांना एवढंच विचारा, ताप आला तर मला फोन करशील का? आणि ते काय म्हणतात ते बघू नका, खाली बघतात का तेवढं बघा.

उद्यमनगरी
३ जून, रात्री १०:३०

सेटर भाऊ, बोलणं सोपं आहे. तीन महिने माझं भाडं, बिल, हप्ते कोण देतंय? ताप आला म्हटलं की पगार चालू असं जाहीर केलं तर उद्या सहाच्या सहाजणांना ताप येणार. माणूस ओळखतो मी.

सेटर_कागल
३ जून, रात्री १०:४२

वीस वर्षं एकाच तळहातावरची तंबाखू खालेली माणसं हायत म्हणता आणि दहा दिवसाच्या हजेरीवर विश्वास न्हाई म्हणता.

गांधीनगर_होलसेल
३ जून, रात्री ११:०१

तीन पदरी कॉटन मास्क होलसेल रेटमध्ये, शंभराच्या वर डिलिव्हरी मोफत, मेसेज करा.

मॉडरेटर
३ जून, रात्री ११:२०

जाहिराती खरेदी-विक्री विभागात. उद्यमनगरी आणि सेटर, दोघांचंही चालू द्या, फक्त एकमेकांच्या आयांपर्यंत जाऊ नका, दोन प्रतिसाद उडवलेत.

बावड्याची सिस्टर
४ जून, सकाळी ७:१०

सेटर म्हणतात ते मी रोज बघते. पेशंटला विचारलं ताप कधीपासून, की आधी म्हणतो आजच. मग बायको हळूच म्हणते, चार दिवस झाले. ते चार दिवस कुठं होतास, तर कामावर. गोळी खाऊन.

उद्यमनगरी, सहाजणांना एकदम ताप येणार नाही. आला तर मला फोन करा, मी स्वतः येऊन ऑक्सिमीटर लावते.

शिरोलीकर
४ जून, रात्री ११:५०

दिवसभर हाच धागा डोक्यात होता. संध्याकाळी बसून हिशेब मांडला. एका माणसाचे १४ दिवस भरपगारी धरले तर सरासरी साडेसहा हजार. १३ जणांची एक तुकडी सात दिवस बसली तर नुसती हजेरी चाळीस हजाराच्या वर, ऑर्डर गेली ती वेगळीच. म्हणजे त्या टनेलच्या पैशात मी सात माणसांना १४ दिवस घरी बसवू शकतो. हे मला बी.कॉम. होऊन सुचलं नाही, फाइव्ह स्टारच्या सेटरनं सांगावं लागलं.

वडिलांना विचारलं. मला वाटलं नाही म्हणतील. म्हणाले, ८३ साली मला कावीळ झालेली तेव्हा मालकानं दीड महिना हजेरी लावली होती, म्हणून मी त्याच्याकडं अजून अकरा वर्षं राहिलो. हे मला आज कळलं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी.

पीएफवाला, ईएसआयमधनं, म्हणजे कामगार विम्यातनं, काही मिळतं का?

पीएफवाला_राजारामपुरी
५ जून, सकाळी १०:१५

मिळतं. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू, आजारपणात डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस धरत नाहीत आणि आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. पैसे यायला वेळ लागतो, तेव्हा तुम्ही आधी द्या आणि वरचे ३० टक्के तुमचे धरा. शिवाय या कोरोनाच्या काळात पीएफमधनं तीन महिन्यांचा बेसिक अधिक डीए किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातलं जे कमी ते काढता येतं, परत भरायचं नाही. पण ते त्यांच्या म्हातारपणाचे पैसे आहेत, मालकानं त्याचा सल्ला देऊ नये असं माझं मत.

आणि परवा मी शेवटी जे लिहिलं, की तुम्ही सेफ, ते वाक्य मागं घेतो.

शिरोलीकर
२० जून, रात्री १०:०५

अपडेट द्यायचं राहिलं. ८ तारखेला सुरू झालं. सगळ्यांना लिंबाखाली सहा-सहाच्या गटानं उभं करून सांगितलं की ताप, खोकला, घसा काहीही असेल तर गेटवर यायचं नाही, सकाळी फोन करायचा, हजेरी लागणार, नाव कुणाला सांगणार नाही. कुणी काही बोललं नाही. एक हेल्पर तेवढा म्हणाला, लिहून देणार का? दिलं. मराठीत, अर्ध्या पानात, सही-शिक्क्यानं. बऱ्याचजणांनी मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला.

वडापचं असं केलं की गावाकडचे सातजण तीन मोटारसायकलींवर आणि एक टेंपोत पुढं, पेट्रोल आमचं. आदर्श नाही, पण जीपपेक्षा बरं.

आणि आता गम्मत. काल गेटवरचं रजिस्टर चाळलं. १५ तारखेपासून प्रत्येकापुढं ९७.६. सगळ्यांना. सकाळी ९७.६, दुपारी ९७.६, माझ्यापुढं पण ९७.६. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, साहेब, गनचा सेल सोमवारीच संपलाय, रकाना रिकामा ठेवला तर तुम्ही रागावाल म्हणून भरला.

भट्टीवाला
२० जून, रात्री १०:२२

आमच्यात ९८.२ लिहितात. फौंड्री आहे ना, जरा गरम.

शिरोलीकर
३० ऑगस्ट २०२०, दुपारी ३:३०

धागा वर काढतोय. जिल्ह्यातली परिस्थिती सगळ्यांना माहितीच आहे, बेडसाठी रात्री-अपरात्री फोन येतात.

गेल्या रविवारी संध्याकाळी सात वाजता एका टर्नरचा फोन. म्हणाला, साहेब, ताप नाही, खोकला नाही, पण मटण केलंय आणि तांबड्याची चव लागंना. घरात विचारलं तर सगळी म्हणतात झणझणीत झालाय, मला गरम पाणी पिल्यासारखं लागालंय. कांदा फोडून नाकाला लावला, वास नाही. उद्या येऊ नको म्हणालात तर बरं होईल, लिंबाखाली माझ्या शेजारी दोघं बसत्यात.

टेस्ट पॉझिटिव्ह. शेजारचे दोघं आणि मोटारसायकलवर मागं बसणारा, तिघांना त्याच रात्री फोन करून थांबवलं, त्यातला एक पॉझिटिव्ह निघाला, त्याला काही म्हणजे काही होत नव्हतं. गन लावली असती तर दोघंही आत आले असते. सोमवारी सकाळची तुकडी बंद ठेवून मशिनी, हँडल, नळ, संडास सगळं एक टक्का हायपोक्लोराइटनं पुसलं, मंगळवारी चालू. दुसरी तुकडी एक दिवसही थांबली नाही. दोघं बरे आहेत, आजपर्यंत तरी.

सिस्टर, एक विचारायचं होतं, परत घेताना निगेटिव्ह रिपोर्ट मागायचा का? बाकीचे मागायला लागलेत.

बावड्याची सिस्टर
३० ऑगस्ट, रात्री ११:४०

मागू नका. सौम्य असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवस झाले आणि शेवटचे ३ दिवस ताप नसेल तर परत टेस्ट न करता सोडतात, मेपासून तोच नियम आहे. त्यानंतर घरी ७ दिवस. म्हणजे १७ दिवस हजेरी लावा आणि घ्या. मेलेल्या व्हायरसचे तुकडे बरेच दिवस टेस्टमध्ये येतात, रिपोर्टच्या मागं लागलात तर धडधाकट माणूस महिनाभर घरी बसेल आणि इकडं लॅबवर ताण. आणि बाकीच्यांना सांगा त्याच्यापासनं चार हात लांब पळू नका, आत्ता सगळ्यात कमी धोका त्याचाच आहे.

जास्त लिहीत नाही, उद्या परत कोविड वॉर्ड. पीपीई किटमध्ये सहा तास पाणी पिता येत नाही, म्हणून आत्ताच पिऊन घेते.

उद्यमनगरी
३१ ऑगस्ट, सकाळी ८:४५

मी जूनमध्ये जे बोललो होतो ते बोललो होतो. गेल्या महिन्यात आमच्या शेपरवाल्याला झालं, कुणाला सांगितलं नाही त्यानं, मला पण नाही. आठवडाभर सगळे एकत्र. सहापैकी चौघं आणि मी. महिनाभर शेड बंद. तंबाखू मळणारा मात्र निगेटिव्ह निघाला, देवाची करणी.

शिरोलीकर, ते अर्ध्या पानाचं पत्र इथं टाका की. नावं काढून.

शिरोलीकर
३१ ऑगस्ट, सकाळी ९:३०

टाकतो. भाषा माझी, शेवटची ओळ वडिलांनी घातलीय.

"आजारपणाची लक्षणं वाटल्यास कामावर न येता सकाळी ६ च्या आत फोन करावा. डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण हजेरी धरली जाईल. घरातल्या माणसाला झालं तरी हाच नियम. नाव ज्यांना सांगणं जरुरीचं आहे त्यांनाच सांगितलं जाईल. फोन उचलला नाही तर थोरल्या साहेबांना लावावा, ते पाचला उठलेले असतात."

सेटर_कागल
३१ ऑगस्ट, रात्री ९:१०

ह्याचा फोटो काढून आमच्या मालकास्नी व्हॉट्सअॅपवर पाठवला सकाळी. निळी टिक आलीया. उत्तर अजून न्हाई.